एकचश्म श्वान

लखनौ आणि चित्रकला हे दोन शब्द एकत्र आले की महाराष्ट्रीय रसिकाच्या मनासमोर सामान्यतः दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक नवाबी दरबारातील तसबिरी, आणि दुसरी येथील कलाविद्यालयात असितकुमार हालदार यांच्या कारकिर्दीत रुजलेली वॉश पद्धती. या दोहोंच्या मध्ये काळाचा जो पट्टा पडतो त्यातील चित्रांना ‘कंपनी शैली’ असे नाव आहे. आणि ते उच्चारताना आपल्या ओठांवर नकळत थोडी तुच्छता येते. साहेबाच्या हुकमाने, साहेबाच्या कागदावर, साहेबाला हवे ते काढून देणारी ही कला. तिच्यात कलेपेक्षा कारकुनी अधिक, असा आपला समज. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु जितका खरा मानला जातो तितका खराही नाही. हे तपासून पाहावयाचे तर राजेरजवाड्यांच्या तसबिरी किंवा इमामबाड्यांची दृश्ये कामाची नाहीत. त्यांत विषयाचाच डामडौल इतका असतो की चित्रकाराने आपले असे काय घातले हे कळेनासे होते. परीक्षेसाठी विषय साधा हवा, रोजच्या पायाखालचा हवा. येथे कुत्र्याचे जलरंगातील चित्र हा विषय घेतला आहे तो याच कारणाने.

प्रथम थोडा इतिहास. 1775 साली असफउद्दौल्याने अवधची राजधानी फैजाबादेहून लखनौस आणली आणि पैशाच्या वासाने युरोपीय लोक येथे गोळा झाले. चित्रकारही आले. टिली केटल हा त्यापूर्वीच, 1772 मध्ये, फैजाबादेस येऊन गेला होता. 1784 मध्ये झोफनी आला, 1786 मध्ये हम्फ्री. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने या तैलरंगवाल्या पाहुण्यांपेक्षा येथे ठाण मांडून बसलेले दोन हौशी संग्राहक अधिक महत्त्वाचे. एक स्वित्झर्लंडचा पोलिए, ज्याच्या पदरी मिहरचंद हा कुशल चित्रकार होता; आणि दुसरा क्लोद मार्तें. ल्यों येथे 1735 मध्ये जन्मलेला हा फ्रेंच शिपाई इंग्रजांच्या चाकरीत शिरला, लखनौस अपार संपत्ती जमवून 1800 मध्ये येथेच वारला आणि आपण बांधलेल्या ‘कॉन्स्टान्शिया’ या प्रासादाच्या तळघरात पुरला गेला. त्याच्या मृत्युपत्रानुसार त्याच वास्तूत 1845 साली निघालेली ‘ला मार्टिनियर’ शाळा लखनौत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु त्याने येथील चित्रकारांकडून वनस्पतींची व पशुपक्ष्यांची शेकडो जलरंगचित्रे काढवून घेतली, ही गोष्ट त्या शाळेच्या फाटकावरून रोज जाणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. त्यांतील वनस्पतींच्या चित्रांचा मोठा संच आज इंग्लंडात क्यू येथील उद्यानाच्या संग्रहात आहे.

कलकत्त्यास याच सुमाराला, 1777 नंतरच्या काही वर्षांत, सरन्यायाधीश इंपे यांच्या पत्नीने पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास यांच्याकडून तीनशेहून अधिक चित्रे काढविली. आणि पुण्यास? आपल्या पुण्यासही हे घडत होते, हे सांगितल्यावर पुष्कळांना नवल वाटेल. रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयास गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. सवाई माधवरावांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे 1790 साली त्याने काढलेले चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. आडनावावरून घराण्याचा धंदा उघड दिसतो. तांब्यावर ठोके घालणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या या माणसाने गेंड्याच्या कातडीच्या घड्या ज्या आस्थेने टिपल्या आहेत ती पाहिली म्हणजे त्या घड्या त्याला पत्र्यासारख्याच वाटल्या असतील की काय, असे मनात येते.

आता या सर्व मंडळींच्या विषयांकडे पाहा. गेंडा, वटवाघूळ, माळढोक, खवल्या मांजर. ज्याचे नाव विलायतेत माहीत नाही, ज्याचे वर्णन एखाद्या पंडिताला पाठवावयाचे आहे, ते प्राणी. ही मुळात मोगल बादशाहीचीच सवय होती. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पक्षी पाहून जहांगिराने त्याचे चित्र काढविले. 1621 मध्ये आलेल्या झेब्र्याचे चित्र मन्सूरने काढले आणि त्यावर बादशहाने स्वहस्ते मजकूर लिहिला. अपूर्वता हीच चित्रित होण्याची पात्रता. मग कुत्र्याने या सभेत कोठे बसावे? त्याच्यात अपूर्व असे काही नाही. तो शास्त्रज्ञाला नको आणि दरबारालाही नको. नाही म्हणावयास, इंग्रज वकील सर टॉमस रो याच्यापाशी जहांगिराने विलायती कुत्र्यांची मागणी केली होती. पण ती कुत्री मोलाची ठरली ती विलायती म्हणून.

कंपनीच्या चित्रांत कुत्रा शिरतो तो प्राणी म्हणून नव्हे, तर मालमत्ता म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात कलकत्त्याच्या कराया भागात राहणारा शेख महंमद अमीर हा या प्रकारातील सर्वांत समर्थ चित्रकार. साहेबलोकांच्या घरी जाऊन त्यांची घरे, घोडे, गाड्या, नोकर आणि कुत्री तो चितारून देत असे. ही यादी पुन्हा वाचावी. आज एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली असता सामानाची जी यादी होते तिच्यात आणि हिच्यात फरक फारसा नाही. मौज अशी की या चित्रांत मालक स्वतः सहसा नसतो. घोड्याचा लगाम धरलेला मोतद्दार असतो, पलीकडे पांढरा बंगला असतो, आणि साहेब मात्र चित्राच्या बाहेर, म्हणजे आपण उभे आहोत त्या जागी, उभा असतो. हे सारे माझे आहे, असे न बोलता सांगणारी ही मांडणी आहे.

येथवर आपला तुच्छतेचा समज खराच ठरत गेला, असे वाटेल. परंतु वाचकांनी जरा थांबावे. हे पत्रिकेचे वाचक बहुतेक सरकारी नोकरीत, स्वप्रांतापासून दूर असलेले आहेत, आणि बदलीच्या वेळी बंगल्यातील कुत्र्याचे काय करावयाचे हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या रडण्यासह उभा राहिलेला आहे. सहा महिन्यांच्या जलप्रवासाला निघालेल्या त्या काळच्या इंग्रजापुढे तो किती अधिक तीव्रतेने उभा राहत असेल! घर विकता येई, घोडा लिलावात जाई. कुत्र्याला किंमत नसे आणि नेण्याची सोयही बहुधा नसे. तेव्हा ज्याला यादीत काही मोल नव्हते त्याचेही चित्र पैसे मोजून काढवून घेतले गेले, याचा अर्थ मालमत्तेच्या मोजदादीत पूर्ण बसत नाही. लॉर्ड ऑकलंड गव्हर्नर जनरल असताना त्यांची बहीण एमिली ईडन 1837 साली कलकत्त्याहून निघून उत्तर हिंदुस्थानच्या दीर्घ प्रवासास गेली. तिच्या पत्रांत ‘चान्स’ नावाचा तिचा कुत्रा वारंवार येतो, आणि त्याच्या दिमतीला एक स्वतंत्र नोकर होता हेही कळते. बाई स्वतः जलरंगांत उत्तम हात असलेली होती. त्या पत्रांत राजेरजवाड्यांविषयी जो थट्टेचा सूर आहे तो चान्सविषयी लिहिताना मवाळ होतो. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाचा कुत्र्याशी जो संबंध जडतो तो स्वामित्वाच्या पलीकडचा असतो. प्रश्न एवढाच की मोबदला घेऊन चित्र काढणाऱ्या हिंदी चित्रकाराच्या कुंचल्यात तो संबंध उतरला काय?

याचे उत्तर तंत्रात शोधावे लागते, आणि येथे विषय खरोखर मनोरंजक होतो.

या चित्रकारांचे हात तसबिरींवर तयार झालेले. त्यांचा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला जवळजवळ एकाच केसाइतका बारीक. त्यांचा रंग अपारदर्शक, सफेदा मिसळलेला; कागद मागून अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. त्यांच्या हाती आता आला विलायती जलरंगाचा कागद. हा कागद रंग पितो. त्यावर पातळ रंग सोडला तर खालची शुभ्रता वर येते, आणि तीच प्रकाशाचे काम करते. म्हणजे देशी पद्धतीत उजेड वरून चढवावयाचा, तर विलायती पद्धतीत तो खालून राखावयाचा. या दोन परस्परविरुद्ध शिस्ती एकाच पानावर नांदविण्याचा प्रयत्न म्हणजे कंपनी शैली. आणि त्यासाठी कुत्र्याइतका सोयीचा प्राणी दुसरा नाही. त्याच्या अंगावर दोन्ही पद्धतींना काम आहे. बरगड्यांवरून पोटाकडे वळणारी आखूड केसांची तकाकी पातळ रंगाच्या एकाच ओघाने साधते. कानामागची लव, मानेवरचे राठ केस, मिशांचे ठिपके यांना मात्र एककेशी कुंचलाच हवा. पक्ष्याला पिसे असतात आणि पिसांना मोजता येणारी रचना असते. झैनुद्दीनचे पक्षी त्यामुळे इतके निर्दोष आहेत. कुत्र्याचा पोत मोजता येत नाही. तेथे चित्रकाराला गणती सोडून अदमासावर यावे लागते. या शैलीतील यशस्वी श्वानचित्रे पाहताना हा अदमास ज्या ठिकाणी सुरू होतो ती जागा शोधून पाहावी. बहुधा ती खांदा आणि मान यांच्या सांध्यापाशी सापडते. चित्रकाराची कारकुनी तेथे संपते.

दोषही आहेत. पाय जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत. पंजाखाली सावलीची एक आडवी रेघ मारली की भूमी झाली, असे मानण्याची सवय आहे. क्षितिज फार खाली आणि आभाळ फार रिकामे, त्यामुळे प्राणी टेबलावर ठेवल्यासारखा दिसतो. पण हे दोष शिकवणुकीचे आहेत आणि त्यांच्यासाठी या चित्रकारांना फार बोल लावण्याचे कारण नाही.

खरी अडचण डोळ्याची आहे. मोगल परिभाषेत ज्या चेहऱ्याचा एकच डोळा दिसतो त्याला ‘एकचश्म’ म्हणत. बादशहांच्या प्रतिमा एकचश्म, मन्सूरचे पशुपक्षी एकचश्म, आणि त्याच वहिवाटीने कंपनीच्या चित्रांतले घोडे, बैल आणि कुत्रीही बहुतांशी एकचश्म. घोड्याला हे शोभते. घोड्याचे सौंदर्य त्याच्या कडेच्या रेषेत आहे. पक्ष्याचे डोळे तर बहुधा डोक्याच्या दोन बाजूंनाच असतात, घुबड सोडून. पण कुत्र्याचे सारे वैशिष्ट्य तो आपल्याकडे पाहतो यात आहे. मनुष्येतर प्राण्यांमध्ये इतक्या आग्रहाने माणसाच्या डोळ्यांत डोळे घालणारा दुसरा नाही. त्याला कडेने चितारला की त्याची उंची, जात, रंग, शेपटीचा बाक सर्व काही मिळते आणि नेमका तोच हरवतो. मालकाला आपला कुत्रा ओळखू येतो. पण कुत्र्याने मालकाला ओळखल्याची खूण चित्रात राहत नाही. 1502 साली ड्यूररने जलरंगांत काढलेला ससा आज व्हिएन्नात आहे. त्या सशाच्या डोळ्यात एका खिडकीचे प्रतिबिंब आहे. एवढ्या एका ठिपक्याने तो प्राणी चित्रकाराच्या खोलीत, त्याच्यासमोर, जिवंत बसला होता हे सिद्ध होते. आपल्या चित्रकारांना तो ठिपका घालणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नव्हते, केसागणिक केस काढणाऱ्यांना ते अवघड कसे असेल? पण साहेबाच्या कुत्र्याकडे टक लावून पाहावे आणि त्यानेही आपल्याकडे पाहावे, ही मोकळीक बंगल्याच्या व्हरांड्यात उभे राहून काम करणाऱ्या माणसाला होती काय, हा प्रश्न तंत्राचा नाही. या चित्रांतील पाहणे हे हुकमी पाहणे आहे. ते फार नेमके आहे, पण नजर खाली ठेवून केलेले आहे. कंपनी शैलीवर ठेवावयाचा खरा आक्षेप हाच. तिच्यात कला नाही असा तो आक्षेप नव्हे. कलेला नजर वर करण्याची मुभा नव्हती असा आहे.

पण आक्षेप घेणाऱ्या आपणा मराठी लोकांची तरी स्थिती काय आहे? आपल्या देवघरांतून दत्तात्रेयाची तसबीर असते आणि तिच्यात चार कुत्री असतात. पण ती कुत्री नव्हेत, ते चार वेद आहेत असे लहानपणीच सांगितले जाते. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, तो देवाचा. नामदेवांच्या कथेतील कुत्रा पोळी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. कथा नामदेवांच्या दृष्टीची आहे, कुत्रा पाठमोराच राहतो. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा तर शेवटी साक्षात धर्म निघतो, म्हणजे कुत्रा उरतच नाही. रायगडावर 1936 साली बसविलेल्या वाघ्याच्या पुतळ्यावरून पुढे जो वाद झाला तोही निष्ठेच्या आणि पुराव्याच्या भाषेत झाला. त्या शिल्पातला कुत्रा कुत्र्यासारखा साधला आहे की नाही, हे कोणी विचारल्याचे आढळत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीस मात्र एक अपवाद आहे. छत्रपती शाहूंचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा तेथे दगडात बसला आहे. त्याने वाघापासून धन्याला वाचविले अशी आख्यायिका आहे, आणि ती नसती तर कदाचित दगडही मिळाला नसता. तरीही नदीकाठच्या त्या मूर्तीभोवती फिरून पाहता येते, आणि समोर आले की ती समोरूनच दिसते. चित्रकाराला जे जमले नाही ते पाथरवटाला माध्यमानेच देऊन टाकले.

आधुनिक काळात हिंदुस्थानातील घराघरांत पोहोचलेले कुत्र्याचे चित्र कोणते, तर ग्रामोफोनच्या तबकडीवरचे. फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने ‘निपर’ 1895 मध्ये मेल्यानंतर काही वर्षांनी ते तैलरंगांत काढले आणि कंपनीने चित्राचे पन्नास व हक्काचे पन्नास असे शंभर पौंड देऊन घेतले. तोही एकचश्मच! तो आपल्याकडे पाहत नाही, कर्ण्याकडे पाहतो. पण तेथे त्या कडेच्या नजरेला कारण आहे, तिला गंतव्य आहे. नजर कोठे जाते हे दाखविले की एक डोळाही पुरतो. कंपनी शैलीतल्या कुत्र्यांची नजर चित्राच्या चौकटीपाशी जाऊन थांबते. पलीकडे त्यांच्यासाठी काही ठेवलेलेच नसते.

लखनौच्या वॉश पद्धतीने ही उणीव भरून काढावयास हरकत नव्हती. येथील कलाविद्यालय 1911 मध्ये स्थापन झाले आणि 1925 ते 1945 अशी वीस वर्षे हालदार त्याचे प्राचार्य होते. (दुसऱ्याच वर्षी, 1926 साली, पंडित भातखंड्यांनी याच शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय उभे केले. एक बंगाली गृहस्थ आणि एक मराठी गृहस्थ लखनौकरांना कला शिकवीत आहेत, हे दृश्य त्या काळच्या लखनौकरांना कसे वाटले असेल!) वॉशमध्ये रंग लावून वाळला की कागद पाण्यात धुवावयाचा, पुन्हा लावावयाचा, पुन्हा धुवावयाचा. या पद्धतीने धुके, सांज आणि स्मृती फार सुंदर साधतात. उमर खय्यामची मद्यशाळा साधते. वीरेश्वर सेनांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हिमालय उभा केला. पण हाडामांसाचा प्राणी धुतला की विरघळतो. अवनींद्रनाथांनी ओझ्याखाली गुडघे टेकलेल्या उंटाचे जे छोटे चित्र काढले ते या पंथाच्या कुळातील श्रेष्ठ पशुचित्र. पण त्या उंटातही उंटापेक्षा अवसान अधिक आहे. प्रवास संपला, हा त्याचा विषय. उंट हे त्याचे वाहन. ही चित्रकला पशूकडे आलीच तर रूपक शोधीत आली, म्हणजे आपल्या दत्तात्रेयाच्या तसबिरीपासून फार दूर गेली नाही. साहेबाच्या हुकमातून सुटून ती भावनेच्या हुकमात गेली, असे कोणी म्हटले तर राग मानू नये. उलट मुंबईच्या कलाशाळेत पारदर्शक जलरंगाची शिस्त अधिक कसून शिकविली गेली. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली स्त्री, जी आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, ती पाहिली की कागदाचा पांढरेपणा राखणे म्हणजे काय हे समजते. त्या शिस्तीचा मनुष्य लखनौच्या गल्लीत येऊन बसता तर काय झाले असते, ही कल्पना करण्यासारखी आहे.

कारण एक कुत्रा या सर्वांतून राहूनच गेला आहे. मार्तेंच्या संग्रहाची दृष्टी अपूर्वाची, अमीरची बंगल्याची, हालदारांच्या शिष्यांची स्वप्नाची. गल्लीतला, कोणाचाही नसलेला कुत्रा कोणालाच नको होता. मुंबईच्या कलाशाळेत 1865 ते 1875 शिकविलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी पुढे 1891 साली हिंदुस्थानातील माणसे व जनावरे यांच्यावर पुस्तक लिहिले तेव्हा कुत्र्यांची दखल घेतली; ते चित्रकार असून त्यांच्या डोळ्यांतून हा सुटला नाही, एवढे म्हणता येईल. लखनौचे राज्य संग्रहालय बनारसी बागेत प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात आहे, आणि चित्रे पाहावयास जाणाऱ्याला पिंजऱ्यांच्या शेजारून जावे लागते. या दोन्ही संग्रहांच्या मधल्या रस्त्यावर, झाडाच्या आळ्यात, जो पडलेला असतो त्याला पिंजराही नाही आणि चौकटही नाही. रंगाच्या दृष्टीने तो फार सोपा आहे. लखौरी विटांच्या जुन्या भिंतीचा जो रंग दुपारी दिसतो, साधारण तोच त्याचा. पिवडी आणि किंचित गेरू, भरपूर पाण्यात. या दोन वड्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटीत असतात आणि सर्वांत स्वस्त असतात. कागद तयार ठेवून त्याच्यासमोर बसावे; तो मान उचलून पाहतोच, आणि त्या वेळी त्याचे दोन्ही डोळे दिसतात.